जखमींना उचलणाऱ्यांची विचारपूस



"सर, आमचा मुलगा डॉक्टर होईल ना?" असे पालक मला नेहमी विचारतात. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मुलाबद्दल मात्र कोणी अभिमानाने बोलत नाही. आज मला त्याच्याविषयीच दोन शब्द सांगावयाचे आहेत.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि २५ प्रवासी जळून मृत्यू पावले. वर्तमानपत्र वाचून आपण हळहळलो. परंतु अशा ठिकाणी ज्यांना देह उचलावे लागतात, त्यांना नंतर घास गिळतो काय, हे कोण विचारतो? आमचा एक माजी विद्यार्थी रुग्णवाहिकेवर आहे. मी विचारले, "सुट्टीत काय करतोस रे?" तो म्हणाला, "सर, झोपायचा प्रयत्न करतो." तो हसला, मला हसू आले नाही.

मित्रांनो, ही झोप आज विद्यापीठांच्या अभ्यासाचा विषय आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका सेवेतील २१ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. दर तिघा कर्मचाऱ्यांत एकाला तीव्र मानसिक ताण आढळला. सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण आठांत एक होते. रात्रपाळी, पाहिलेले मृत्यू आणि सहकाऱ्यांचा आधार यांचा परिणाम संशोधक तपासतात.

हे शास्त्र केवळ मोठ्या घरच्या मुलांनी उभे केले, असे समजू नका. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी १९६७ साली 'फ्रीडम हाऊस' रुग्णवाहिका सेवा निघाली. गरीब वस्तीतील बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर सफार यांनी तयार केले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन यांनी त्यांच्यासोबत काम करून राष्ट्रीय अभ्यासक्रम लिहिला. सेवा १९७५ साली बंद पडली, पण त्या पोरांच्या अनुभवाचे ज्ञान झाले आणि ते टिकले.

आपल्या राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दारे उघडत आहेत. परंतु मराठवाड्यातील कर्मचाऱ्याचे मन परदेशी प्रश्नावलीने पुरते उलगडणार नाही. त्याच्याशी मराठीत, दखनीत बोलणारा आणि त्याची पाळी स्वतः केलेला संशोधक हवा. तो आपल्या वर्गांतून का निघू नये?

म्हणून पालकांना विनंती, की मुलाला नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपले, असे मानू नका. त्याला पदवी, पदव्युत्तर व पीएच.डी. पर्यंत जाऊ द्या. मुलींनाही जाऊ द्या. आणि तोवर आपल्या मोहल्ल्यातला असा मुलगा पाळी करून परतला, तर "किती पगार?" एवढेच विचारू नका. "बेटा, झोप लागते का?" असेही विचारा. संशोधनाचा पहिला प्रश्न तोच आहे.