यंत्राची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इलेक्ट्रॉनिक सिटी येथे दिलेले व्याख्यान)



कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या शिवारात वसलेल्या या इलेक्ट्रॉनिक नगरीत बोलावयाचे, तर विषयही येथल्या मातीतलाच असावा, म्हणून मी यंत्राच्या साक्षीचा विषय घेतला आहे. त्यातला कळीचा खटला मात्र आपल्या जालन्याचा आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून श्री. अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार श्री. कैलास गोरंट्याल यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर खोतकरांचा उमेदवारी अर्ज स्वीकारला गेला, ही तक्रार. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले चित्रण तबकड्यांवर उतरवून मिळाले; परंतु कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. अखेर अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीवरून कायद्याची पूर्तता झाल्याचे मानून, नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरविली.

खोतकर सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तेथे पूर्वनिर्णयांचा गुंता झालेला होता. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने म्हटले होते की, प्रमाणपत्र नसले तरी अन्य कलमांखाली असा पुरावा घेता येईल. २०१४ मध्ये केरळच्या अन्वर खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते मत मोडीत काढून प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. २०१८ मध्ये शफी महंमद खटल्यात दोघांनीच ती गाठ पुन्हा सैल केली. तिघांचा निर्णय दोघांना बदलता येतो काय? येत नाही, पुनर्विचार हवा असेल तर मोठ्या पीठाकडे जावे लागते. २६ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने तेच केले.

१४ जुलै २०२० रोजी न्या. नरीमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांनी अन्वरचा निर्णय उचलून धरला. शफी महंमदचा निर्णय रद्दबातल झाला. तथापि पक्षकाराला वाऱ्यावर सोडले नाही. यंत्राचा मालक मूळ यंत्र घेऊन स्वतः साक्षीस उभा राहिला, तर प्रमाणपत्र नको. अधिकारी ते देत नसेल, तर न्यायालयाकडून हुकूम मागावा; सर्व खटपट करूनही मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही. गोरंट्याल यांनी ती खटपट केली होती. खोतकरांचे अपील फेटाळले गेले. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपून गेली होती, हे जाता जाता सांगावयास हवे!

काही विद्वान म्हणतात, हा सारा कागदी सोपस्कार. ६५-ब कलम ज्या १९६८ च्या इंग्रजी कायद्यावरून घेतले, ते इंग्लंडने १९९५ मध्येच टाकून दिले होते आणि आपण २००० साली उचलले, हेही खरे. फौजदारी खटल्यांतली तशीच अट इंग्लंडने १९९९ च्या कायद्याने काढली. मग यंत्र बिनचूक चालते असे गृहीत धरण्यात येऊ लागले. पुढे काय झाले? टपाल खात्याच्या 'होरायझन' प्रणालीने दाखविलेल्या खोट्या तुटीपायी नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली, कित्येक तुरुंगात गेली. २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. ज्या माणसाला यंत्राचे पोट उघडून पाहता येत नाही, त्याने आपले निर्दोषत्व सिद्ध कसे करावे? म्हणून, सोपस्कार कंटाळवाणा असला तरी मी त्याच्या बाजूचा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. हा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, याचा खुलासा त्या कलमात नाही. सरकारने अधिसूचित केलेला परीक्षकच हवा, की या सभागृहात बसलेला एखादा जाणता अभियंताही चालेल? परीक्षकच हवा म्हटले, तर जालन्यासारख्या गावच्या गरीब पक्षकाराने त्याला कोठून आणावे? कोणीही चालेल म्हटले, तर त्या सहीची किंमत काय उरली? हा प्रश्न घेऊन न्यायालयाचे दार पुन्हा ठोठावावे लागेल, असे मला वाटते. आपणांपैकी कोणापुढे तो कागद सहीसाठी आला, तर यंत्र स्वतः तपासल्याखेरीज लेखणी उचलू नका.