राज्यसभेचें दार कोणाच्या हातीं?

(तालुक्याच्या गांवीं भरलेल्या शेतकरी सभेपुढील भाषण)



लोकसभेची निवडणूक आली कीं आपल्या दारापुढें मोटारींची रांग लागते. राज्यसभेची निवडणूक केव्हां आली नि केव्हां गेली, याचा आपल्यांतील पुष्कळांना पत्ताही नसतो. आणि देशाची घटना बदलावयाची म्हटली, तर या सभेचा होकार लोकसभेइतकाच लागतो! म्हणून आज तिचाच हिशेब आम्ही तुमच्यापुढें मांडणार आहों.

राज्यसभेंत 245 जागा आहेत. पैकीं 12 सभासद राष्ट्रपति नेमतात. बाकीचे 233 राज्यांतून व कांहीं केंद्रशासित प्रदेशांतून येतात. महाराष्ट्राचे 19, गोव्याचा एक. मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनीं एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात. लोकसभा मोडतां येते, ही सभा मोडतां येत नाहीं.

त्यांना निवडतो कोण? तुम्ही नव्हे, तुमचे आमदार. आपल्या विधानसभेंत 288 आमदार. सहा जागा भरावयाच्या असल्या तर 288 ला सातानें भागतात, म्हणजे जागांहून एक अधिक. भागाकार 41 आणि वर थोडें. म्हणून 42 मतें पडलीं कीं गडी निवडून आला. बेचाळीस मतें मिळविणारे सात जण निघूंच शकत नाहींत, हें कोणीही वाणसामानाची यादी जुळविणारा सांगेल. मत पसंतीच्या क्रमानें द्यावयाचें. पहिल्याचें उरलेलें दुसऱ्याकडे वळतें.

इथवर ठीक. पण 2003 सालीं कायदा बदलला. पूर्वीं उमेदवार त्या राज्याचा मतदार असावा लागे. ती अट गेली. आमदाराचें मत गुप्त असे. आतां तें आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून पेटींत टाकावें लागतें. 2006 सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोन्ही गोष्टी वैध ठरविल्या. मतांचा बाजार थांबावा हा हेतु सांगितला गेला, आणि तो आम्ही खोटा म्हणत नाहीं. परंतु याचा अर्थ एवढाच कीं दाराची किल्ली आमदाराच्याही हातून निघून पक्षाच्या धन्याकडे गेली. धन्याच्या ओसरीवर जो बसतो त्यालाच तिकीट. तेथें कुणब्याचा, माळ्याचा, धनगराचा पोर कितीसा बसतो, तें तुम्हीच पाहा.

कोणी म्हणेल, या सभेला अधिकार तरी काय? पैशाचें बिल ती चौदा दिवसांवर अडवूं शकत नाहीं, हें खरें. साध्या बिलावर दोन सभांचें भांडण जुंपलें तर संयुक्त बैठक बोलावितां येते. 1961, 1978 व 2002 सालीं ती बोलाविली गेली, आणि तेथें लोकसभेच्या डोक्यांची संख्याच भारी पडते. पण घटनादुरुस्तीला ही पळवाट नाहीं. तेथें प्रत्येक सभेंत हजर राहून मत देणाऱ्यांपैकीं दोनतृतीयांश पाहिजेतच.

1970 सालची गोष्ट ऐका. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची दुरुस्ती लोकसभेनें मंजूर केली. (राजे सगळे सारखे नव्हते, 1902 सालीं मागासलेल्यांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवणारा शाहू छत्रपति एखादाच.) 5 सप्टेंबरला राज्यसभेंत बाजूनें 149 मतें पडलीं, विरुद्ध 75. दोनशें चोवीसांचे दोनतृतीयांश 149 हून थोडे अधिक होतात. एका मताच्या तुकड्यानें दुरुस्ती पडली! तनखे गेले ते पुढें 1971 सालीं, निवडणूक होऊन 26 वी दुरुस्ती झाली तेव्हां.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे. लोकसभेंत व विधानसभांत अनुसूचित जाति-जमातींना राखीव जागा आहेत. राज्यसभेंत एकही नाहीं. 2023 सालच्या 106 व्या दुरुस्तीनें स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा ठरविल्या, त्यांतही राज्यसभा वगळलेली. आणि लोकसभेंतील राखीव जागांची मुदत वाढविणारी दुरुस्ती मात्र दर वेळीं याच सभेच्या दोनतृतीयांशांपुढें हात जोडून उभी राहते. ज्या घरांत आपली एकही हक्काची पाटी नाहीं, त्या घरानें आपल्या ताटाचा निवाडा करावा, हा न्याय कोणता?

म्हणून ही सभा मोडून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. 1952 सालीं उत्तर मुंबईच्या मतदारसंघांत बाबासाहेब आंबेडकर पडले. त्याच सालीं मुंबई राज्याच्या आमदारांनीं त्यांना राज्यसभेंत पाठविलें, आणि 1956 सालीं निर्वाण होईपर्यंत ते तेथें होते. ज्या दारानें बाबासाहेब आंत गेले तें दार बंद करा, असें आम्ही कसें म्हणावें? आमचें मागणें तेथें राखीव जागा असाव्यात हें आहे. आणि तोंवर, आमदार मत मागायला आला कीं त्याला विचारा: राज्यसभेच्या वेळीं तूं पहिली पसंती कोणाला दिलीस, आणि कोणाच्या सांगण्यावरून? मत त्यानें पक्षाला दाखविलेलें असतें. तुम्हांला सांगावयाला त्याला लाज कां वाटावी?

राखीव जागांची सध्यांची मुदत 104 व्या दुरुस्तीनें जानेवारी 2030 पर्यंत नेली आहे. तो प्रश्न पुन्हां राज्यसभेपुढें येईल तेव्हां तेथें बसलेले सभासद कोण असतील, तें आपले आमदार ठरवीत आहेत.