वारशाचं टेबल, वारशाचा हक्क
(महिला गटाच्या कार्यशाळेत केलेले भाषण)



जुन्या फर्निचरची डागडुजी हा विषय ऐकून काहीजणी हसलात. स्त्रियांच्या बैठकीत सुतारकाम कशाला? पण मी सल्ला केंद्रात काम करते. तिथे येणाऱ्या बायकांशी बोलताना घरातल्या वस्तूंचा विषय हटकून निघतो. कोणती वस्तू कुणाची, यात बाईचं घरातलं स्थान लख्ख दिसतं.

आईवडिलांच्या पश्चात वाटणीची बोलणी होतात. जागा, शेत, बँकेतली ठेव यावर पुरुष बोलतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "ताईला आठवण म्हणून काहीतरी द्या." मग ताईच्या वाट्याला जुनं सागवानी जेवणाचं टेबल येतं आणि वेताच्या विणीच्या सहा खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या. त्याच बैठकीत हक्कसोडपत्रही पुढे सरकवलं जातं.

टेबल जरूर घ्या. पण ते हिश्शाच्या बदल्यात घेऊ नका. 1956च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद काढला. त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये स्पष्ट केलं. आणि बाईच्या मालकीची 'मालमत्ता' म्हणजे फक्त घर-जमीन नव्हे. कायद्याच्या कलम 14मध्ये जंगम वस्तूही येतात. म्हणजे टेबल हीदेखील मालमत्ताच, कुणी केलेले उपकार नव्हेत. इतर धर्मांच्या भगिनींचे वारसा नियम वेगळे आहेत, त्यांनी ते समजून घ्यावेत. सही करण्यापूर्वी कागद घरी आणा, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

आता टेबलाकडे वळू. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

आधी हलवून बघा. सांधे खिळखिळे असतील तर खिळे ठोकू नका, लाकूड फाटतं. जुना सरस गरम पाण्याने मऊ करून खरवडा, वाळू द्या, मगच नवा सरस लावून दोरीने आवळून ठेवा. 

मग पॉलिश ओळखा. टेबलाच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस चोळा. चिकट होऊन रंग कापसाला लागला तर ते लाखेचं पॉलिश. गरम पातेल्याचे पांढरे डाग पडतात ते बहुधा यावरच. असं असेल तर सगळं खरवडायची गरज नसते. स्पिरिटने पुसून वर नवे हात देता येतात. मात्र जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा आली तीच मुळी 2017 साली. पाणी लावून घासा. मुलं आणि गरोदर बाई यांना लांब ठेवा.

घासताना 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, शेवटी 240, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवा घासलेला ओरखडा पॉलिशखाली उठून दिसतो. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 150 ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा. मलमलीत कापसाचा बोळा बांधून पातळ पातळ हात द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा. जवसाचं तेल वापरलं तर त्याची फडकी चोळामोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. उलगडून मोकळ्या हवेत वाळवा.

ही लाख झारखंड-छत्तीसगडकडच्या पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरून येते. ती गोळा करण्यात आदिवासी बायकांचेही हात असतात. आपल्या टेबलाच्या चकाकीत त्यांच्याही श्रमाचा वाटा आहे.

शेवटी एक प्रश्न. या टेबलावर आजवर कोण जेवलं? बहुतेक घरांत पुरुष आणि मुलं आधी, वाढणारी बाई मागून, तीही ओट्यापाशी उभ्यानेच. आई ज्या टेबलाभोवती आयुष्यभर वाढत राहिली, त्याची 'आठवण' आपल्याला मिळते. मग ते नुसतं चकचकीत करून जुन्याच रीतीने वापरलं, तर काय साधलं? वेत नव्याने विणून घ्या. सहावी खुर्ची दुरुस्त झाली की ती घरातल्या स्वयंपाक करणारीची, हे ठरवून टाका. पोळ्या आधी करून ठेवा, भांडी मध्यभागी मांडा, ज्याने त्याने वाढून घ्यावं. मुलाच्या हातातही पॉलिश पेपर द्या.

लाकूड घासलं की खालून त्याचा मूळ रंग वर येतो. नात्यांवरची पुटंही अशीच घासावी लागतात, कष्टाने आणि धीराने. तेव्हा टेबल घ्या, हिस्साही मागा, आणि बसून जेवा.