अंगावर कोरलेली विशेषणे



जेनी सॅव्हिल या ब्रिटिश चित्रकर्तीचे ‘ब्रँडेड’ हे चित्र १९९२ सालचे. तेव्हा तिचे वय बावीस, ग्लासगोच्या कलाशाळेतले शिक्षण नुकतेच संपलेले. सुमारे सात फुटी कॅनव्हासवर एक स्थूल, विवस्त्र स्त्री. पोटाची वळी तिने मुठीत धरली आहे. अंगावर इंग्रजी शब्द कोरले आहेत : नाजूक, शोभेची, लहान चणीची, आधार देणारी, अविचारी. पुढच्या वर्षीच्या ‘प्लॅन’मध्ये शब्दांऐवजी रेषा आहेत, चरबी काढण्यापूर्वी शल्यविशारद आखतात तशा.

मी साहित्याची शिक्षिका. रंगलेपनाविषयी अधिकाराने बोलणार नाही. माझी नजर त्या विशेषणांवर अडते. ‘अविचारी’ सोडला तर त्यांत शिवी नाही. तरुण मुलीच्या कौतुकाचेच शब्द ते. शिवाय चेहरा चित्रकर्तीचा स्वतःचा आहे, म्हणजे कोरणारा हातही परक्याचा नाही. नुसते बंडखोरीचे चित्र म्हणून मोकळे होता येत नाही, ते यामुळे.

माझ्या लग्नाच्या वेळी ‘मुलीची माहिती’ वडिलांनी लिहिली. सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, सडपातळ. ‘रंग’ या शब्दापुढे ते बराच वेळ थांबले, मग लिहिले : निमगोरी. मी सावळी आहे. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक खपवून न घेणारे आमचे नाना! त्यांनी ते प्रेमानेच लिहिले, आणि त्याच्या दहा प्रती सुवाच्य अक्षरात मीच काढल्या.

हे चित्र दाखवून मी वर्गातल्या मुलींना, स्वतःला चिकटलेली विशेषणे फळ्यावर लिहायला सांगितली. फळा भरला. ‘निमगोरी’ हा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. त्यांच्या बायोडेटात ‘फेअर’ असते.