ग्वानदूची लढाई आणि धान्याचे हमाल



लढाईची गोष्ट निघाली की लोक आधी सेनापतीचे नाव विचारतात. आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून आमच्या मनात वेगळाच प्रश्न येतो : त्या फौजेचे धान्य वाहिले कोणी? चीनच्या इतिहासातील ग्वानदूच्या लढाईत या प्रश्नाचे उत्तर सापडते. आज तिचीच हकिगत सांगावयाची आहे.

साल इसवी सन २००. हान घराण्याचा बादशहा गादीवर होता, पण नावापुरता. प्रांतोप्रांतीचे सरदार आपापले राज्य करीत होते. पीत नदीच्या उत्तरेस युआन शाओ. त्याच्या घराण्याने चार पिढ्या राज्यातील सर्वोच्च पदे भोगलेली. दक्षिणेस त्साव त्साव. बादशहा याच्या मुठीत होता. युआन शाओ लाखभर फौज घेऊन खाली उतरला; त्साव त्सावची माणसे त्या मानाने फारच थोडी.

मात्र त्साव त्सावने एक काम आधीच केले होते. १९६ साली त्याने श्यू या आपल्या राजधानीभोवतालच्या ओसाड जमिनीवर निराश्रित शेतकरी वसवले. निम्मे पीक सरकारचे. बैल सरकारी असला तर त्याहूनही अधिक. यात दयेचा भाग थोडा, हिशेबाचा मोठा. कोठार भरले, की फौज उभी राहते!

ग्वानदूला दोन्ही फौजा महिनोन् महिने समोरासमोर बसल्या. युआन शाओने मातीचे उंचवटे रचून त्यांवरून बाणांचा मारा चालवला. त्साव त्सावच्या छावणीत माणसे डोक्यावर ढाली धरून हिंडत. त्याने दगड फेकणारी यंत्रे करून ते उंचवटे निकामी केले. शत्रूने भुयारे खणली, याने आडवे खंदक खणले. पण धान्य सरत आले. धान्य वाहून आणणारी माणसे थकून गेली. त्यांना पाहून त्साव त्सावने वचन दिले : पंधरा दिवसांत शत्रूचा पाडाव करतो, मग तुम्हांला हा त्रास देणार नाही. इतिहासकार छन शौ याने ही गोष्ट टिपून ठेवली, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

अशा वेळी शत्रूचा एक सल्लागार, श्यू यो, नाराज होऊन याच्याकडे आला. त्याने विचारले, धान्य किती दिवसांचे आहे? त्साव त्साव म्हणाला, वर्षाचे. मग म्हणाला, सहा महिन्यांचे. अखेर कबूल केले, एका महिन्याचे. मालकाशी वाटाघाटींना बसलेल्या कामगारांना हा प्रकार नवा वाटणार नाही. संप लांबला, की घरातला पिठाचा डबा किती दिवस पुरेल हे दोघेही एकमेकांपासून लपवतात.

श्यू योने सांगितले की युआन शाओचे धान्य वूचाओ येथे आहे आणि पहारा ढिला आहे. त्साव त्साव पाच हजार माणसे घेऊन रातोरात निघाला. निशाणे शत्रूची, घोड्यांची तोंडे बांधलेली, प्रत्येकाच्या हाती लाकडांची मोळी. वूचाओ पेटले! युआन शाओने तिकडे थोडीच कुमक धाडली. मोठी फौज त्साव त्सावच्या छावणीवर घातली. छावणी पडली नाही, आणि वूचाओ गेल्याची वार्ता कळताच त्याचे सरदार शत्रूस मिळाले. युआन शाओ सुमारे आठशे स्वारांनिशी नदीपार पळाला.

विजयानंतर त्याच्या सामानात त्साव त्सावच्याच अधिकाऱ्यांनी शत्रूला गुपचूप लिहिलेली पत्रे सापडली. ती न वाचता जाळून टाकण्यात आली. या औदार्याची वाहवा आजही होते. पण त्याच विजयात मागे राहिलेल्या, शरण आलेल्या सैनिकांना पुरून मारले. सबब अशी, की त्यांची शरणागती खोटी होती. एका जुन्या इतिहासात मारल्या गेलेल्यांचा आकडा ८० हजार दिला आहे. तो फुगवलेला असेल. पण खड्डे खोटे नव्हते.

आणि हमालांचे काय? लढाई जिंकली, पण युद्ध संपले नाही. युआनच्या मुलांशी झगडा २०७ पर्यंत चालू राहिला, आणि फौजेला धान्य रोजच लागते.

बंधुभगिनींनो, पत्रे जाळल्यामुळे वाचले ते अधिकारी होते. खड्ड्यात गेले त्यांतील कितीजणांना पत्र लिहिता येत होते कोण जाणे! इतिहास वाचताना आपण या दुसऱ्या माणसांचीही गणती ठेवावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.