'थांबा' म्हणणारी ताई
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



१५ जुलै २०१९ ची रात्र आठवा. श्रीहरिकोट्याला चांद्रयान-२ उडायला तयार होतं. पहाटे २ वाजून ५१ मिनिटांची वेळ ठरली होती. राष्ट्रपती रामनाथ कोविंद मुद्दाम बघायला आले होते. आणि ५६ मिनिटं उरलेली असताना मोजणी थांबवली! रॉकेटमध्ये बिघाड दिसला होता. एवढ्या मोठ्या पाहुण्यांसमोर थांबायचं म्हणजे सोपं न्हाई. पण दुरुस्ती झाली आणि २२ जुलैला यान नीट उडालं. या मोहिमेच्या दोन प्रमुख जबाबदाऱ्या बायांकडंच होत्या, एम. वनिता आणि रितू करिधाल.

त्या नियंत्रण कक्षात प्रत्येकाकडं आपापलं काम असतं. कोणी इंधन बघतं, कोणी संपर्क. ज्याला गडबड दिसेल त्यानं बोलायचं, मग तो वयानं लहान का असेना.

१९७९ मध्ये एसएलव्ही-३ च्या वेळी संगणकानं मोजणी रोखली होती. तरी उड्डाण पुढं नेलं, असं कलामसाहेब स्वतः सांगायचे. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. पण इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर जबाबदारी स्वतः घेतली. १८ जुलै १९८० ला यश आलं, तेव्हा मात्र बोलायला कलामांना पुढं केलं.

आता आपल्या गटाचं सांगते. एका ताईनं शेळीच्या कर्जाचे हप्ते भरले, पण वहीत चढले न्हाईत. तिला ते कळत होतं. "सचिवताई शिकलेल्या, त्यांना कसं विचारू," म्हणून ती चार बैठका गप्प बसली. शेवटी थकबाकीत तिचंच नाव वाचलं गेलं. ती रडत उठून गेली, दोन महिने बैठकीला आली न्हाई.

ती सचिव मीच होते. मी तिच्या घरी गेले, चूक कबूल केली आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा सांगितली.

तेव्हापासून आमच्याकडं एक नियम आहे. बैठक संपायच्या आधी प्रत्येकीची बचत, हप्ता आणि शिल्लक मोठ्यानं वाचायची. तिनं "बरोबर" म्हटल्याशिवाय सही न्हाई. एकीनं जरी "थांबा" म्हटलं, तर पेन खाली ठेवायचा आणि पुन्हा बेरीज करायची. तिच्यावर कोणी चिडायचं न्हाई.

अर्धा तास जास्त जातो, तायांनो. पण माणूस तुटत न्हाई. येत्या बैठकीपासून तुम्हीही करून बघा.