‘से बेंदे’ म्हणजे विकणे आहे

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचायची मला जुनी खोड आहे. ‘शिलाई मशीन विकणे आहे.’ हे वाक्य व्याकरणाच्या नजरेनं कधी पाहिलंय का? कोण विकतंय, ते त्यात नाही. का विकतंय, तेही नाही. विकणाऱ्याला लाजायचं कारणच नाही, कारण तो वाक्यात आलेलाच नाही.

स्पॅनिश भाषेतही अगदी अशीच सोय आहे. तिकडं दारावर किंवा गाडीच्या काचेवर पाटी असते, ‘से बेंदे’. म्हणजे विकणे आहे. कर्ता तिथंही गायब.

औशात बसून तुम्हाला स्पॅनिशचं काय पडलंय, असं कुणीही विचारेल. शिकते ती माझी मुलगी. पुण्याच्या एका वर्गात तिनं नाव घातलंय, वर्ग मोबाइलवर भरतो, आणि घरात बसायची खोली एकच असल्यामुळं एका फीमध्ये शिकणारे दोघं होतात. एका पाठात घरातली जुनी वस्तू विकायची होती. अर्थात फक्त बोलून. मुलीनं निवडली ती तिच्या दादीची, म्हणजे माझ्या अम्माची, पायानं चालवायची शिलाई मशीन. ती खरोखरही विकायचीच होती. जागा अडत होती.

पहिली अडचण ‘आहे’ या शब्दाची आली. आपलं ‘आहे’ सगळीकडं चालतं. स्पॅनिशमध्ये मात्र दोन ‘आहे’ आहेत. एक ‘एस’, वस्तूची जात, ओळख, स्वभाव सांगायला. दुसरं ‘एस्ता’, तिची आजची अवस्था सांगायला. मशीन जुनी आहे, इथं ‘एस’. पण चांगल्या स्थितीत आहे, इथं ‘एस्ता’. जुनी वस्तू विकणाऱ्याचा सगळा धंदा या दोन ‘आहे’च्या मधल्या फटीत चालतो. वय लपवता येत नाही, तब्येत मात्र सांगता येते.

मग मशीनचा तुटलेला पट्टा आला. ‘मी पट्टा तोडला’ असं स्पॅनिश माणूस सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘से मे रोंपियो’. शब्दाला शब्द लावला तर, ‘पट्टा मला तुटला’. किल्ली हरवली तर ‘किल्ली मला हरवली’. आपणही ‘माझ्या हातून तुटला’, ‘माझी चावी हरवली’ असंच म्हणतो. दोष सांगायचा, पण गुन्हा कबूल केल्यासारखा नाही. (जाता जाता, आपली चावी पोर्तुगीजांकडून आली आणि स्पॅनिश ‘यावे’ तिची सख्खी बहीण. दोघी लॅटिनच्या लेकी.)

पण दोष सांगितलाच नाही तर? स्पेनच्या १८८९ च्या दिवाणी कायद्यात त्यासाठी एक शब्द आहे, ‘बिसियो ओकुल्तो’. बिसियो म्हणजे व्यसन, दुर्गुण. अर्थ झाला, लपलेली खोड. वस्तू हातात पडल्यापासून सहा महिन्यांत अशी खोड निघाली तर घेणाऱ्याला दाद मागता येते. मला लगेच उदगीरकडचा हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार आठवला. देवणी बैल घेताना शेतकरी दात बघतो, खूर बघतो आणि शेवटी विचारतो, ‘काही खोड?’ मग रुमालाखाली हात जातात, बोटं दाबली जातात आणि भाव ठरतो. त्या बोलण्याला ना कर्ता ना क्रियापद, पण चुकीचा अर्थ कुणी काढत नाही.

मी मराठीत कविता लिहितो म्हणून आजही कुणी तरी कौतुकानं विचारतं, ‘तुम्ही मराठीत कसे काय?’ वाद घालण्यापेक्षा मी त्यांना बाजार दाखवतो. किंमत, माल, दलाल, रक्कम, हिशेब, जमा, बाकी, नफा हे सगळे शब्द मुळात अरबी. ते बाजूला काढून लातूरच्या अडतीत एक पोतं तूर तरी विकून दाखवा! तूर मोजतो तो क्विंटलसुद्धा अरबी ‘किंतार’वरून युरोपात गेला आणि तिथून आपल्याकडं आला.

तेच अरबी शब्द मला स्पॅनिशच्या वहीत भेटले. स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागावर ७११ पासून १४९२ पर्यंत अरबी भाषेच्या राजवटी होत्या. जुन्या सामानाच्या विक्रीला तिकडं ‘आल्मोनेदा’ म्हणतात, त्यात बसलीय ती ‘मुनादी’, म्हणजे दवंडी. अमुकतमुक माणसाला ते म्हणतात ‘फुलानो’, आपला फलाणा. आणि ‘विकली जावो’ म्हणायला वाक्याच्या तोंडी येतं ‘ओखाला’. मूळ अर्थ, अल्लाहनं चाहिलं तर. दोन हजार शब्दांची वही पाठ न करताही अम्माला तो कळला असता.

एक शब्द मात्र फसवा निघाला. स्वस्तात पदरात पडलेल्या मालाला स्पॅनिशमध्ये ‘गांगा’ म्हणतात. आम्ही मराठवाड्यातले लोक गोदावरीला गंगा म्हणतो. घेणारा ‘गांगा’ म्हणून खूश झाला तर नांदेडचा माणूस आधी हात जोडेल.

पाठात मुलीनं एक वाक्य स्वतःचं घातलं होतं, ‘मी आब्वेला कोसिया’. दादी शिवायची. स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन. एकदा शिवलं आणि संपलं, तर ‘कोसियो’. रोज शिवायची, वर्षानुवर्षं शिवायची, तर ‘कोसिया’. आपलं ‘शिवायची’ अगदी तेच करतं. ईदच्या आधीचे पंधरा दिवस रात्री बारापर्यंत ती मशीन चालायची, माझ्या कॉलेजची फी तिच्यातूनच निघायची. एवढं सगळं त्या ‘-ची’त मावतं. शिकवणाऱ्या बाईंनी वाक्य बरोबर ठरवलं आणि खाली लिहिलं, व्याकरण उत्तम, पण विक्रीसाठी गरज नाही. घेणाऱ्याला मशीनची माहिती हवी असते, मालकिणीची नाही.

महिन्याभरानं जवळच्या खेड्यातली एक बाई मशीन बघायला आली. गावात ब्लाउज शिवायचं काम सुरू करणार होती. तिनं चाक फिरवलं, कान लावला, शटल काढून बघितलं. ‘पट्टा?’
‘तुटलाय ताई. नवा घालावा लागेल.’
‘मग शेवटचं बोला, भाऊ.’
अडीच हजारांवरून आम्ही अठराशेवर आलो. पैसे मोजता मोजता तिनं विचारलं, ‘कुणाची व्हती?’
मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, ‘माझी दादी शिवायची हिच्यावर.’
बाईनं मान हलवली. खण उघडून बघितला. त्यात सुयांची डबी होती, ती राहू द्या म्हणाली. राहू दिली.